चार महिने पानांत, आठ महिने मातीत

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस पडून गेले, की पालघर, वसई, कल्याण, कर्जत इकडच्या बाजारांत आदिवासी बायका हिरव्या पातीच्या जुड्या घेऊन बसलेल्या दिसतात. लांबून पाहणाऱ्याला वाटते, कांद्याची पातच आहे. जवळ जाऊन जुडी हातात घेतली की कळते, ही पात पोकळ नाही. गवतासारखी चपटी आहे, मधोमध घडी घातल्यासारखी आणि बुडाशी पांढरीशुभ्र. हीच फोडशी. कुणी तिला कुलू म्हणतात, कुणी कुळी. गाव बदलले की नाव बदलते.

आता याच महिन्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, अकोट-अंजनगावकडे गेलात, तर तिथला शेतकरी जमिनीत बोटाएवढी मुळे लावताना दिसेल. तो म्हणेल, मुसळी लावतो आहे. सफेद मुसळी. आणि शहरातल्या काष्ठौषधींच्या दुकानात गेलात, तर बरणीत पांढऱ्या, सुरकुतलेल्या, खडूच्या तुकड्यांसारख्या काड्या दाखवून दुकानदार म्हणेल, ही सफेद मुसळी, भाव जरा जास्त आहे.

ठाण्याची गृहिणी ज्या पातीची भाजी परतते, अकोटचा शेतकरी जे बेणे लावतो आणि दुकानदार जी काडी तोलून देतो, ती बहुतेक वेळा एकाच वनस्पतीची तीन रूपे असतात. पण या तिघांना एकमेकांची खबर नसते. आज या वनस्पतीची ओळख करून घेऊ. ती घरी आणि शेतात कशी लावायची ते पाहू, आणि ती लावणे का गरजेचे झाले आहे तेही पाहू.

बोरिवलीचे नाव जगभर

या वनस्पतीचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलियानम. क्लोरोफायटम म्हणजे ग्रीक भाषेत हिरवी वनस्पती. आणि बोरिविलियानम? होय, आपले मुंबईचे बोरिवलीच. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी १९५० च्या दशकात ही जात वेगळी म्हणून नोंदवली आणि बोरिवलीवरून तिचे नाव ठेवले. सांतापाव मूळचे स्पेनचे. जेझुइट धर्मगुरू म्हणून भारतात आले आणि इथल्या झाडाझुडपांत रमले. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख झाले. आज बोरिवलीत इमारती किती आणि रान किती हे सांगायला नको. पण जगातल्या कुठल्याही वनस्पतिसंग्रहालयात या रोपाच्या कागदावर बोरिवलीचे नाव असते.

हिच्या कुळातल्या जवळजवळ वीस जाती भारतात आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचशा आपल्या सह्याद्रीच्या रांगांत. एका जातीला तर कोल्हापूरचे नाव आहे. घरोघरी टांगलेल्या कुंडीत पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांच्या पानांचे जे ‘स्पायडर प्लँट’ असते, ते हिचेच आफ्रिकेतले भावंड. म्हणजे परदेशी बहीण दिवाणखान्यात आणि घरची रानात, असा प्रकार.

झुबका, दांडा आणि बोटे

आता रोप नीट पाहू. मुसळीला खोड असे दिसत नाही. जमिनीतून सहा ते बारा-तेरा पाने एकाच ठिकाणाहून झुबक्याने वर येतात आणि चहूबाजूंनी पसरतात. झुबका फूट-दीड फुटांचा. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच्या मधून एक सरळ, फांद्या नसलेला दांडा निघतो आणि त्यावर खालून वर अशी पांढरी फुले उमलत जातात, एकेका ठिकाणी साधारण तीन-तीनच्या गुच्छाने. प्रत्येक फुलाला सहा पाकळ्या आणि मध्ये पिवळे पुंकेसर. श्रावणातल्या हिरवळीत ही फुले चांदण्यांसारखी दिसतात. मग तीन कोनांची लहान बोंडे धरतात. त्यांतून कांद्याच्या बियांसारखे काळे, बारीक बी निघते.

ही झाली वरची बाजू. खरा संसार जमिनीखाली आहे. पाने जिथून फुटतात तिथे एक लहानशी गाठ असते. शेतकरी तिला ‘डिस्क’ म्हणतात. तिच्यातून मांसल मुळांचा झुपका खाली जातो, हाताच्या बोटांसारखा. म्हणून या मुळांना बोटेच म्हणतात. कुणाला चार-पाच बोटे, कुणाला दहा-पंधरा. वरची साल तपकिरी, आत पांढरा गर.

हे सगळे कशासाठी? तर वनस्पतीला फक्त पावसाळ्याचे चार महिने मिळतात म्हणून. या चार महिन्यांत पाने ऊन आणि पाणी घेऊन अन्न तयार करतात आणि ते बोटांत साठवतात. सप्टेंबर सरता सरता पाने पिवळी पडतात, मग सुकून जमिनीला मिळतात. पुढचे आठ महिने वर काहीही दिसत नाही. पण रोप मेलेले नसते. गाठीतला डोळा झोपलेला असतो आणि बोटांतली शिदोरी त्याला जगवत असते. पुढच्या जूनमध्ये ओल लागली की डोळा जागा होतो, जुन्या बोटांतले अन्न खाऊन पाने फुटतात, जुनी बोटे चिपाडासारखी होतात आणि नवी धरू लागतात. दरवर्षी हिशेब नवा.

हे चक्र ध्यानात ठेवा. पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे.

नेमकी अडचण कुठे आली?

बोटे पक्व कधी होतात? पाने गळून गेल्यानंतर. त्या वेळी साल गडद होते आणि गर भरतो. म्हणजे खणायची योग्य वेळ कार्तिकाच्या पुढची. पण त्या वेळी रानात रोप दिसतच नाही, तर खणणार कुठे? म्हणून मुळे गोळा करणारा माणूस पाने हिरवी असतानाच, भाद्रपदातच खणतो. तो लबाड नसतो. पोटासाठी आलेला असतो आणि थांबला तर दुसरा कुणी नेईल हेही त्याला माहीत असते. पण परिणाम काय होतो? मुळे कोवळी निघतात, वाळवल्यावर त्यांचे वजन भरत नाही आणि त्याला भाव कमी मिळतो. बी अजून पडलेले नसते, म्हणून पुढची पिढी जात नाही. आणि गाठीसकट झुबका उपटल्यामुळे जुने रोपही संपते. एका घावात आई आणि लेक दोघी गेल्या.

बी पडले तरी ते सगळे उगवते असे नाही. मुसळीच्या बियांची उगवण मुळातच कमी, आणि बियाच्या रोपाला खणण्याजोगी बोटे धरायला दोन वर्षे तरी लागतात. त्यामुळे उपसा वाढला तेव्हा सातपुडा, अरवली, डांग इथल्या अनेक रानांतून मुसळी हटत गेली. २००० साली केंद्र सरकारने राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन केले. ज्या वनस्पतींच्या लागवडीवर तेव्हापासून भर दिला गेला, त्यांत मुसळी पहिल्या फळीत होती.

पालेभाजीची गोष्ट त्या मानाने सौम्य आहे. बायका पात खुडतात, मुळे जमिनीत राहतात, आणि रोप पुन्हा पाने काढते. मात्र एकाच झुबक्याची पाने पुन्हा पुन्हा खुडली तर बोटांत साठवायला काही उरत नाही. म्हणून जाणत्या बायका एका झुबक्यातून थोडे घेऊन पुढे जातात. हा शहाणपणा पुस्तकातून आलेला नाही.

कुंडीतली मुसळी

आता लागवड. आधी घरच्यापुरती, कारण ती कुणालाही जमेल.

दहा-बारा इंचांची कुंडी घ्या. तळाशी भोक हवेच. दोन भाग माती, एक भाग वाळू आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत असे मिश्रण भरा. नुसती काळी चिकण माती नको, तिच्यात पाणी थांबते आणि मुळे सडतात. बेणे रोपवाटिकेतून किंवा लागवड करणाऱ्या शेतकऱ्याकडून आणा, रानातून खणून आणू नका. आणि एक गोष्ट तपासा. प्रत्येक बोटाच्या वरच्या टोकाला गाठीचा तुकडा आहे ना? गाठ नसलेले बोट कितीही जाडजूड असले तरी फुटत नाही. डोळा गाठीत असतो, बोटात नसतो.

जूनमध्ये गाठ वर आणि टोक खाली धरून बोट उभे लावा. गाठीवर इंचभर माती पुरे. एका कुंडीत तीन बोटे बसतात. कुंडी सकाळचे ऊन मिळेल अशा जागी ठेवा. पाऊस असेल तर पाणी घालायची गरज नाही. उघडीप लांबली तरच घाला. दोन-तीन आठवड्यांत पाती दिसू लागतील, आणि श्रावणात फुले.

आणि आता सर्वांत महत्त्वाची सूचना. ऑक्टोबरात पाने पिवळी पडली की पाणी बंद करा. अनेक जण इथेच फसतात. रोप सुकते आहे असे वाटून पाणी वाढवतात, मग मुळे कुजतात. काही जण रोप मेले म्हणून कुंडी रिकामी करतात. तसे करू नका. कुंडी तशीच उचलून सावलीत, कोरड्या जागी ठेवा आणि तिच्यावर चिठ्ठी लावा, म्हणजे घरातले कुणी माती फेकून देणार नाही. मेअखेर कुंडी बाहेर काढून थोडे पाणी द्या. ती बोलू लागेल. दोन-तीन वर्षांनी झुबका दाटला, की पाने सुकल्यावर बाहेर काढून, प्रत्येक फाट्याला गाठ येईल असे विभागून नव्या कुंड्या करा.

शेतातली मुसळी

शेतासाठी जमीन निचऱ्याची हवी. मध्यम, भुसभुशीत, थोडी वाळूमिश्रित. पाणथळ शेतात या पिकाचे नाव काढू नका. उन्हाळ्यात खोल नांगरट करून जमीन तापू द्या, भरपूर कुजलेले शेणखत घाला. कच्चे खत घातले तर हुमणीला आमंत्रण. मग तीन फूट रुंदीचे आणि अर्धा ते एक फूट उंचीचे गादीवाफे करा. त्यांवर ओळींत ३० सेंटिमीटर आणि रोपांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवून पाच ते दहा ग्रॅमची बोटे लावा. लावणी पावसाच्या सुरुवातीला, फार तर जुलैच्या मध्यापर्यंत. दोन-तीन खुरपण्या हाताने कराव्या लागतात, कारण पानांचा झुबका तणापुढे टिकत नाही.

पाने गळाल्यावरही घाई करू नका. बोटांची साल गडद होईपर्यंत ती जमिनीतच राहू द्या. काढणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी. हलके पाणी देऊन जमीन मऊ करा आणि बोट तुटू न देता खणा. बेण्यासाठी गाठीसह बोटे वेगळी काढून सावलीत, कोरड्या वाळूत ठेवा. बाकीची धुऊन, साल काढून उन्हात वाळवा. साल काढणे हे चिकाटीचे काम आहे आणि मजुरीचा मोठा खर्च तिथेच होतो. ओली चार-पाच किलो बोटे सोलून वाळवली की सुमारे एक किलो मुसळी हाती येते.

ज्याने कधीच लावली नाही त्याने एका गुंठ्यापासून सुरुवात करावी. एका गुंठ्यात वाफ्यांमधल्या सऱ्या सोडून सोळाशेच्या आसपास बोटे बसतात, म्हणजे दहा-बारा किलो बेणे पुरते. हिशेबासाठी पाचपट उत्पन्न धरा. पन्नास-साठ किलो ओला माल. त्यातून पुढच्या वर्षाचे बेणे बाजूला ठेवले, तर आठ-दहा किलो वाळलेली मुसळी. ती विकायला स्वतः बाजारात जा, व्यापाऱ्याशी बोला. एवढे एक वर्ष केल्यावर एकराचा विचार करा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे नागार्जुन वनौषधी उद्यान आहे, आणि गुजरातेत आणंदजवळ बोरियावीला औषधी व सुगंधी वनस्पतींची केंद्रीय संशोधन संस्था आहे. अशा ठिकाणी जाऊन आधी पीक डोळ्यांनी पाहावे.

बेण्याचा बाजार आणि औषधाचा बाजार

इतका सावधपणा का सांगतो आहे? कारण १९९० च्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या काही वर्षांत मुसळीने महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थानातल्या कित्येक शेतकऱ्यांना पोळले आहे. ‘एकरी लाखो रुपये’ अशा जाहिराती आल्या. महागडे बेणे विकायचे आणि माल आम्हीच परत घेऊ असा कागद लिहून द्यायचा, असे व्यवहार झाले. माल तयार झाला तेव्हा कागद देणारे अनेक जण जागेवर नव्हते. मागणी वाढली तशी रानातली मुळेही बेणे म्हणून शेतांत आली. म्हणजे जे पीक रान वाचवायला निघाले होते, त्यानेच काही काळ रानावर घाला घातला.

यातला हिशेब साधा आहे. एका बोटापासून हंगामाअखेर लावण्याजोगी चार बोटे मिळतात असे धरू. पहिल्या वर्षी एक क्विंटल बेणे लावले, तर वर्षाअखेर चार क्विंटल. मग सोळा, मग चौसष्ट, मग दोनशे छप्पन्न, आणि पाचव्या वर्षाच्या शेवटी एक हजार चोवीस क्विंटल. बेणे इतक्या वेगाने वाढत असेल तर त्याचा चढा भाव किती वर्षे टिकणार? सुरुवातीला ज्यांनी कमावले त्यांनी बहुतेक बेणे विकून कमावले. मागून आलेल्यांना औषधाच्या बाजारात माल विकायचा होता, आणि तो बाजार दरवर्षी चौपट होत नसतो. म्हणून कुणी मुसळीचा नफा सांगू लागला, तर एकच प्रश्न विचारा. हा भाव बेण्याचा की वाळलेल्या मालाचा? आपला हिशेब नेहमी वाळलेल्या मालावर मांडा, आणि तोही आजच्या बाजारातल्या भावाने. एवढे करून जे शेतकरी टिकले, ते आजही हे पीक घेतात.

घेणाऱ्याने काय पाहावे?

आयुर्वेदात मुसळी बल देणारी आणि शुक्रवर्धक मानली आहे. प्रयोगशाळांत आणि प्राण्यांवर तिचे पुष्कळ प्रयोग झाले आहेत. माणसांवरच्या मोठ्या चाचण्या मात्र थोड्या आहेत. त्यामुळे जाहिरातींतल्या चमत्कारांवर पैसे उधळू नका. घ्यायची तर वैद्याच्या सल्ल्याने घ्या. बाजारात सोललेली शतावरीची मुळे किंवा दुसऱ्या जातींच्या मुसळ्या याच नावाने खपतात. ताजे रोप हाती आले तर एक खूण सांगतो. बोरिवलीच्या या जातीची बोटे थेट गाठीला चिकटलेली असतात आणि खाली निमुळती होतात. कुळीची जी दुसरी जात आहे, तिच्यात दोऱ्यासारख्या मुळांवर कंद लटकलेले दिसतात. काळी मुसळी तर वेगळ्याच कुळातली, पिवळ्या फुलांची.

भाजी मात्र निर्धास्त खावी, पण ओळखीच्या विक्रेतीकडून घेऊन. पहिल्या पावसात अशीच हिरवी पाती अनेक वनस्पतींना फुटते आणि कोळकांद्यासारख्या काही विषारी असतात. म्हणून स्वतः रानात जाऊन अंदाजाने खुडू नये. पातीच्या बुडाशी माती असते, ती नीट धुवावी. मधला निबर दांडा काढून टाकावा. पात बारीक चिरून कांदा, लसूण, हिरवी मिरची यांवर परतावी आणि भिजवलेली मूगडाळ घालावी किंवा वरून बेसन पेरावे. भाकरीबरोबर याहून काही लागत नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने वनहक्क मिळालेल्या गावांच्या ग्रामसभांना आपल्या रानातल्या गौण वनोपजाचा कारभार पाहण्याचा अधिकार दिला आहे. मुसळीपुरते तीन साधे नियम अशा गावांना करता येतील. बी पडून पाने वाळल्याशिवाय कुणी खणायचे नाही. त्यासाठी पाने हिरवी असतानाच झुबक्याजवळ काडी रोवून खूण करायची, म्हणजे नंतर जागा सापडते. आणि खणल्यावर दोन-तीन बोटांसह गाठ पुन्हा त्याच खड्ड्यात पुरायची. या नियमांना खर्च काहीच नाही. शिवाय पक्व मुळांचे वजन जास्त भरते, म्हणजे खणणाऱ्याच्याही पदरात चार पैसे अधिक पडतात. मात्र सगळ्यांनी मिळून थांबायचे ठरवले, तरच थांबणाऱ्याचा तोटा होत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)